भ्यालेलं पाणी

माझी आई, हौसाबाई तारू, रोज सकाळी अकराच्या सुमाराला नांदवेळच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशी यायची, हातगाडीवरचा निळा डबा उतरवायची आणि आल्याआल्या विचारायची, "पोरगी जेवली का?"

पोरगी म्हणजे मी नव्हे. मी त्रेचाळीस वर्षांची केंद्रचालक, रेश्मा. माझ्या जेवणाची चौकशी ती निघताना, आठवलं तर करायची. पोरगी म्हणजे साय.

साय म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. मैलापाणी केंद्रात खरं काम जिवाणू करतात. आपण टाकीत हवा सोडायची, ते घाण खाऊन वाढतात, मग तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी नदीला जातं. पण माणसं नुसती घाण सोडत नाहीत. रक्तदाबाची गोळी, संततिनियमनाची गोळी, अँटिबायोटिक, सगळं थोडंथोडं मोरीतून वाहत येतं, आणि साधे जिवाणू त्याला तोंड लावत नाहीत. प्रमाण अगदी कणभर. पण मासा त्याच पाण्यात जन्मभर राहतो. त्या कणभरानं नर माशांच्या पोटात अंडी धरलेली सापडली आहेत. म्हणून प्रयोगशाळेत जिवाणूंची एक नवी वसाहत तयार झाली. प्लॅस्टिकच्या चाकांवर ती जाड थर धरते आणि असल्या लांबलचक, हट्टी रेणूंचे बारीक तुकडे करते. कंपनीनं तिला सतरा अक्षरी नाव दिलं होतं. माझा सहकारी बाबर यानं चाकावरचा पिवळसर थर पाहिला आणि म्हणाला, "साय धरली की हो!" तेच नाव राहिलं. हे नाव पडलं ते २०४१ च्या सुरुवातीला.

साय मोठी नखरेल. पहिल्या हिवाळ्यात ती टिकायलाच तयार नव्हती. आमच्या धंद्यात जुनी रीत आहे: नवं केंद्र सुरू करताना टाकीत शेणकाला आणि गूळ घालायचा. जिवाणू खूश होतात. सायीनं गुळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला प्रथिनं हवी होती, आणि कंपनीचं खास खाद्य बंदरात अडकून पडलं होतं. पंधरा दिवसांत चाकं उघडी दिसू लागली. मी घरी आल्यावर जेवेना, बोलेना.

आईला माझी ही नोकरी मुळीच पसंत नव्हती. आम्ही भोई. माझ्या वडिलांनी सुरवती नदीत जाळी टाकून आम्हाला वाढवलं आणि नदी काळी पडली तशी जाळी माळ्यावर टाकली. ते गेल्यावर आई बाजारात तळ्यातले रोहू-कटले विकू लागली. "नदीचं वाटोळं केलं त्याच गटारावर पोरगी कामाला," असं ती चारचौघींत म्हणायची. पाच वर्षांत तिनं केंद्राच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. त्या आठवड्यात मात्र आजारी माणसाला बघायला यावं तशी आली. चाकांकडे बघून म्हणाली, "उपाशी हाय गं ही. काय खाती?"

"मांसमच्छी खाणारी आहे," मी वैतागून म्हणाले.

"मग आपलीच की!"

दुसऱ्या दिवशी तिनं डबा आणला. मासे धुतलेलं पाणी, खवलं, कातडी, आतडी. मी नाकाला ओढणी लावली. आईनं लेकराला पेज पाजावी तशा सावकाशीनं ते टाकीत ओतलं. चार दिवसांत साय धरली. आठव्या दिवशी ती बोटभर जाड झाली. कंपनीचं खाद्य आलं तेव्हा ते तिनं गुळाइतकंच नाकारलं. तेव्हापासून तीन वर्षं आईचा डबा एक दिवसही चुकला नाही. डबा ओतून झाला की ती टाकीच्या कठड्याला टेकून घटकाभर बसायची, माझ्या डब्यातली भाकरी मोडून खायची आणि बाजारातली भांडणं सांगायची. मला तो अर्धा तास दिवसभर पुरायचा. डब्याची नोंद मात्र मी कधी कुठे केली नाही. वरच्या साहेबांना काय लिहून कळवणार? आई खाऊ घालते म्हणून?

आणि पाणी! असं पाणी सुटू लागलं की तपासणीच्या कागदावर बघण्यासारखं काही उरलंच नाही. औषधं शून्य, संप्रेरकं शून्य. वरचं धरण डिसेंबरात दारं लावतं, तेव्हापासून पावसाळ्यापर्यंत सुरवतीत वाहतं ते फक्त आमचं पाणी. केंद्रापासून कृष्णेच्या संगमापर्यंत सात किलोमीटर नदी काचेसारखी झाली. तळाचे गोटे मोजून घ्यावेत.

मासा मात्र एक नाही.

हे नुसतं मनाला लागण्यापुरतं नव्हतं. सरकारनं नवा नियम केला होता: ज्या प्रवाहात स्थानिक मासे राहतात ती नदी, आणि नदीचं पाणी नदीलाच राहील. जिथे राहत नाहीत तो नाला, आणि नाल्याचं पाणी ज्याला हवं त्याला द्यावं. सुरवतीला तीन वर्षांची मुदत होती. २०४४ च्या ३१ मेला संध्याकाळी सहापर्यंत गावाखालच्या भोयांच्या डोहात मासे दिसले नाहीत, तर आमचं सगळं पाणी औद्योगिक वसाहतीला जाणार होतं. त्यांचे पाइप आमच्या कुंपणापर्यंत येऊन तोंड वासून बसलेही होते. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापासून सुरवती सात किलोमीटर कोरडी. ज्या नदीसाठी मी आईचे टोमणे खाल्ले, ती माझ्याच हातानं पाइपात घालायची.

मेच्या सुरुवातीला मिरजेहून डॉ. तबस्सुम मुल्ला आल्या. माशांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या, तिशीतल्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी संगमावर पाण्याखाली कॅमेरे लावले आणि तिसऱ्या दिवशी मला चित्रफीत दाखवली. कृष्णेतून मळ्यांचा, म्हणजे बोटभर माशांचा, थवा सुरवतीच्या तोंडाशी येतो. आत शिरतो. दोन हात पुढे जातो. आणि एकदम, कुणी काठी आपटावी तसा, मागे फिरतो.

"रेश्माताई, ह्यांना पाणी आवडत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "हे घाबरलेत."

त्यांनी केंद्रावरच दोन काचेच्या टाक्या मांडल्या. एकीत कृष्णेचं पाणी, दुसरीत आमचं. कृष्णेच्या पाण्यातले मासे हुंदडत होते. आमच्या पाण्यातले तळाशी, एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून बसले. पीठ टाकलं तरी हलले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग तबस्सुमनी समजावलं. शंभरएक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं, की टाकीतला एक मासा जखमी झाला तर बाकीचे लांबूनच पळतात. माशाच्या कातडीवर बुळबुळीत थर असतो, त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात. त्या अख्ख्या असतील तर वास नाही. कातडी फाटली की त्यांचे बारीक तुकडे पाण्यात जातात, आणि त्या तुकड्यांचा वास माशांना एकच गोष्ट सांगतो: आपल्यातला कुणीतरी इथे मारला गेला, पळा. रोहू, कटला, मळ्या, सगळे एकाच मोठ्या कुळातले. एकाचा वास दुसऱ्याला कळतो.

"पण तुमच्या पाण्यात हे तुकडे येतात कुठून?" त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं. "आणि इतके? ही तुमची साय लांब साखळ्या कापते, ते तिचं कामच आहे. पण माशांची कातडी तिच्याकडे येईलच कशी?"

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

मी काही बोलले नाही. याची मला आजही लाज वाटते. बाई आठ दिवस साबणाचे कारखाने, दवाखान्यांच्या मोऱ्या, पोल्ट्र्या शोधत उन्हातान्हात फिरली आणि मी तिला चहा करून देत राहिले. आईला काय सांगणार होते? तुझ्या हातच्या पेजेनं तुझ्याच नदीला वाळीत टाकलं म्हणून? ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नसती. खरं सांगायचं तर आईचं मन दुखेल याच्याइतकीच भीती मला माझा तो अर्धा तास जाईल याची होती.

म्हणून मी अर्धवट शहाणपणा केला. "आई, टाकीवर दुरुस्ती चालू आहे, डबा ठेवून जा, मी ओतते," असं सांगायचं आणि ती गेली की डबा कुंपणाजवळच्या नारळाच्या आळ्यात रिकामा करायचा. चोराच्या मनात चांदणं. डबा ओतताना मी चारदा मागे वळून बघायची.

पाचव्या दिवशी आई फाटकातून थेट आत आली. टाकीकडे गेली नाही. नारळाखाली उभी राहिली. तिथे अकरा मांजरं बसली होती, ओळीनं, पंगत वाढायची वाट बघत असल्यासारखी.

"रेश्मे," ती म्हणाली, "गावातली समदी मांजरं हितं कशापायी जमल्यात?"

तिनं पायानं आळ्यातली माती उकरली. खवलं चमकली.

"पोरगीला नको झालं व्हय माझं?"

तिच्या आवाजात राग असता तर मला परवडलं असतं. मी तिथेच, मांजरांच्या पंगतीत बसून सगळं सांगितलं. साखरेच्या साखळ्या, तुकडे, वास, संगमावरून फिरणारे थवे. सांगून झालं तेव्हा ती खाली बसली आणि बोटांनी माती सारखी करू लागली.

"तुझं आजं डोहावर मासा चिरू देत न्हवतं," ती म्हणाली. "जाळं वढायचं, मासं पाटीत घालायचं आन् पार माळावर जाऊन चिरायचं. एक खवलं डोहात पडलं तरी शिव्या घालायचं. आठ दिस डोह मुका ऱ्हातो म्हणायचं. मी नवी सून. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वास सोसंना. म्हणून आमाला डोक्यावर वजं घिऊन येवढं चढाला लावतंय."

"तुला कसं कळणार होतं? ही टाकी आहे, डोह नव्हे."

"टाकीतलं पाणी जातं कुठं मग?" ती माझ्यावरच खेकसली. "आन् तू येवढी शिकलीस, तुला तरी कळलं का? दोघी मायलेकी येकाच मापाच्या शान्या!"

मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि विचारलं, "ती मिरजंची पोर कुठं हाय? उन्हात मरंल की ती."

तबस्सुमनी सगळं ऐकलं आणि चिडायच्या ऐवजी त्या मोठ्यानं हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "मावशी, तुमचा डबा थांबला हे बरं झालं. पण तेवढ्यानं भागणार नाही. मासळी बाजारातले चाळीसेक गाळे मासे धुतात, ते पाणी मोरीतून इथेच येतं. साय यायच्या आधीही येत होतं, पण तेव्हा साखळ्या अख्ख्या वाहून जायच्या. आता प्रत्येक थेंबाचा भयगंध होतो. साय धुऊन निघायला दहा दिवस लागतील आणि आपल्याकडे सोळा आहेत."

"बाजारात बोलायचं माझ्याकडं लागलं," आई म्हणाली.

मी आणि तबस्सुम लांब उभ्या राहून बघत होतो. आई आपल्या पाटावर उभी राहिली. समोर सगळ्या बायका, हातात विळे. नदी आपल्यामुळे भितेय हे भोयांच्या बायकांना सांगायचं म्हणजे सोपं काम नव्हे. अंजना घटेनं तर तिला बोलूच दिलं नाही.

"म्हंजी आता आमी वाईट? कारखान्यांनी येवढी वर्सं ईख सोडलं, त्यास्नी कुणी ईचारलं न्हाय. आन् आता मासं धुवायचं कुठं, डोक्यावर?"

"तू न्हाईस गं वाईट. मी हाय," आई म्हणाली. "तुमी धुतलं ते मोरीत गेलं, नकळत गेलं. मी तर तीन वर्सं डबं भरभरून, हौशीनं, माझ्या हातानं घातलं. तुमच्या गाळ्यागाळ्यावरनं खवलं गोळा करून न्हेली, ती त्यासाठीच. काय बोलायचं ते मला बोला. पण सोळा दिस मोरीत थेंब सोडू नगा. पुढच्या साली नदीत पाणीच नसलं तर डोह दाखवायचा काय नातवंडास्नी, खड्डा म्हणून?"

अंजनानं आपला विळा पुसला आणि विचारलं, "बरं, खवलं टाकायची कशात ते तर सांग."

दुसऱ्या दिवसापासून बायका गोणपाटावर कोरडे मासे खरवडू लागल्या. खवलं, कातडी, धुवण सगळं पिंपांत, आणि पिंपं गावाबाहेरच्या केळीच्या बागेत. वास असा सुटला की बाजारातला चहावाला चार दिवस आपल्या बहिणीकडे जाऊन राहिला. इकडे सायीला काहीतरी खायला हवंच होतं. मासा नसलेलं कुठलंही प्रथिन चालेल, असं तबस्सुम म्हणाल्या. आईनं दूधसंघातून पनीरचं पाणी आणवलं आणि स्वतः ओतलं. पहिले दोन दिवस साय फुरंगटली. तिसऱ्या दिवशी खाऊ लागली. "सवय लागती," आई म्हणाली. "सासरी मला बी लागली."

२५ मेला आमचं ताजं पाणी भरलेल्या काचेच्या टाकीतले मासे तळ सोडून वर आले. २९ तारखेला मळ्यांचा थवा संगम ओलांडून जुन्या बंधाऱ्यापर्यंत पोचला. डोह तिथून तीन किलोमीटर वर होता.

३१ मेला दुपारी चारला पाहणी अधिकारी कुंभोजकर साहेब आले. माणूस सरळ, पण नियमावर बोट ठेवून चालणारा. त्यांनी डोहाच्या मध्यावर दोन कॅमेरे सोडले. पडद्यावर पाणी दिसत होतं, गोटे दिसत होते, कुणाची तरी बुडालेली चप्पल दिसत होती. पाच वाजले. साडेपाच वाजले. तबस्सुमनी बंधाऱ्याची चित्रफीत पुढे केली.

"मॅडम, मी बघितली, मला आनंदच झाला," साहेब म्हणाले. "पण नियमात डोह लिहिलंय. आणखी आठ दिवस असते तर गोष्ट वेगळी. माझा नाइलाज आहे."

त्यांनी पाहणीचा कागद मांडीवर घेतला. मी त्या कागदाकडे बघायचं नाही म्हणून आईकडे बघितलं. ती उथळ कडेला, घोटाभर पाण्यात उभी होती. ऊन लागलं म्हणून पाय बुडवायला गेली असावी. ती विचित्रच उभी होती. लुगडं दोन्ही हातांनी वर धरलेलं, मान खाली, आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय.

"रेश्मे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हळू ये. साहेबास्नी बी आण. गुदगुल्या व्हाय लागल्यात."

ती हसत होती. तिच्या भेगाळलेल्या टाचांना बोटभर मळ्या लागल्या होत्या. दहा, वीस, मग मोजता येईनात इतक्या. आम्ही सगळे खोल पाण्यात डोळे लावून बसलो होतो आणि त्या कोमट, उथळ काठाकाठानं वर आल्या होत्या. मी धावतच साहेबांना घेऊन आले, आणि आमच्या धावण्यानं सगळ्या पसार झाल्या.

"कुठे आहेत?" साहेब म्हणाले. घड्याळात पावणेसहा.

"पायताण काढा आन् आत या," आई म्हणाली. "आन् हालू नका. पायाचं बोट बी हालवू नका."

साहेबांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. मग बूट काढले, मोजे त्यांत नीट घडी करून ठेवले, विजार दुमडली आणि आईशेजारी जाऊन उभे राहिले. तबस्सुमनी नळीएवढा कॅमेरा दोघांच्या पायांमध्ये खाली सोडला. पाच मिनिटं काहीच नाही. मग साहेबांचा चेहरा हळूहळू बदलू लागला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे झालेले.

"अहो मावशी," ते कसंबसं म्हणाले, "चावतात की ह्या!"

"चावंनात. हालू नका."

"तीन जाती आहेत," तबस्सुम पडद्याकडे बघत कुजबुजल्या. "तिन्ही इथल्याच."

सहाला तीन मिनिटं कमी असताना साहेबांनी तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या कागद मागितला आणि 'नाला' या शब्दावर काट मारली. मग अगदी जपून, एकेक पाऊल उचलत बाहेर आले आणि ओल्या पायांवरच मोजे चढवले. तबस्सुमनी मला मिठी मारली. बाबरनं तिकडे कुंपणापलीकडच्या पाइपवाल्यांना फोनवर काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

आई मात्र पाण्यातच होती.

"आई, झालं. नदी लिहिलं त्यांनी. ये बाहेर."

"थांब."

"पाय दुखतील गं. तासभर उभी आहेस."

"दुखू देत," ती खालचे मासे बघत हळूच म्हणाली. "तीन वर्सं मी भ्या घातलं त्यास्नी. आता कुठं जवळ आल्यात. मी निघाले की पुन्यांदा भितील."

मी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि अंगठ्यानं गोटे चाचपत, आवाज न करता तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तिनं न बघताच माझा कोपर धरला. मला फार रडू येत होतं. पण हुंदक्यानं अंग हललं असतं, म्हणून तेही आवरलं.